निष्काम कुणी व्हायचं?

आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याने फळाची अपेक्षा ठेवू नये, असं सांगण्याचा अधिकार नेमका कुणाला असतो? शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःला, की ज्याची शुश्रूषा झाली त्या माणसाला, त्याच्या कुटुंबाला, समाजाला, सरकारला? धर्मविचारातला हा जुना प्रश्न २०२० साली पोथीतून उठून प्रत्येक गावाच्या वेशीवर येऊन उभा राहिला. ताप मोजायला दारोदार फिरणाऱ्या आशा, पोषण आहार घरपोच देणाऱ्या अंगणवाडी सेविका, वृद्धाश्रमांत आणि घरांत अंथरुणाला खिळलेल्यांजवळ बसणाऱ्या बाया आणि मामा, या सगळ्यांना आपण एका सुरात सेवाव्रती म्हटलं. त्या म्हणण्यात खोटेपणा नव्हता. भीतीच्या त्या दिवसांत कृतज्ञता खरोखरच दाटून आली होती. पण त्या गौरवाच्या पोटात एक न बोललेली मागणीही होती: सेवा करणाऱ्याने हिशेब मागायचा नसतो. ही मागणी धर्माच्या नावाने केली जाते, म्हणून तिची तपासणीही धर्मविचाराच्याच अंगणात व्हायला हवी. माझं म्हणणं असं की निष्कामता हे माणसाने स्वतःला घालून घ्यायचं बंधन आहे. ती दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. आणि साथीच्या काळात जे आपल्यासाठी देह धोक्यात घालतात, त्यांच्यापुढे समाजाची जागा ऋणकोची असते. ऋणको कितीही नम्रपणे वाकला, तरी त्याने कर्ज फेडलं असं होत नाही.

आधी काम काय असतं ते जवळून पाहू. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ साली आशा ही योजना आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावात राहणारी बाई. गावात बाळ जन्मलं की तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जायचं. बाळाचं वजन करायचं, अंग गार तर पडलेलं नाही ना ते बघायचं, नाळ कोरडी आहे का, बाळ अंगावर नीट ओढतंय का, आईला जास्त रक्तस्राव होतोय का याची चौकशी करायची आणि फॉर्म भरायचा. या सहा भेटी पुऱ्या झाल्या की तिला मिळत २५० रुपये, म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयांच्याही आत. २०१८ पासून नेहमीच्या ठरावीक कामांसाठी केंद्राकडून महिन्याला २,००० रुपये मिळू लागले, बाकी सगळं असं कामागणिक. शासनाच्या लेखी ती मानद स्वयंसेविका. म्हणजे तिला पगार नाही, मानधन आणि प्रोत्साहन भत्ता आहे. आजारपणाची रजा नाही, कारण जी नोकरीतच नाही तिला रजा कसली?

साथ आली आणि बाहेरगावाहून कोण आलं याची नोंद, विलगीकरणातल्या घरांवर लक्ष, संपर्कात आलेल्यांचा शोध, सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी तापमान आणि ऑक्सिजनची पातळी मोजणं, नंतर लसीकरणाला लोकांना तयार करणं, हे सगळं याच बाईकडे आलं. दाराशी आलेली आशा रोग घेऊन आली, असं समजून लोक दार लावून घेत. काही ठिकाणी अंगावरही धावून गेले. कोविडच्या या जादा कामासाठी केंद्राने महिना १,००० रुपये ठरवले. दिवसाला सुमारे तेहतीस रुपये. त्याच काळात लसीकरणाची सत्रं बंद पडली, गरोदर बायका दवाखान्याची पायरी चढायला घाबरू लागल्या, आणि कामागणिक मिळणारे नेहमीचे पैसे आटले. मार्च २०२० च्या अखेरीस सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण जाहीर केलं, त्यात आशांनाही धरलं. ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्या तरतुदीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. कोविडच्या कामापायी मरण आलं तर घरच्यांना पन्नास लाख. ताप येऊन दोन आठवडे अंथरुणात पडावं लागलं तर त्या दोन आठवड्यांचं उत्पन्न गेलं. तिच्या मरणाची किंमत ठरली आणि जगण्याची तशीच राहिली.

आता गीतेकडे वळू, कारण शेवटी आधार तिथलाच घेतला जातो. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, हा उपदेश श्रीकृष्ण अर्जुनाला करतो. बोलणारा अर्जुनाचा सखा आणि सारथी आहे, ऐकणारा अर्जुन आहे आणि विषय अर्जुनाच्या स्वतःच्या चित्ताचा आहे. फळाच्या आशेने मन कसं लडबडतं आणि कर्तव्य कसं हातून निसटतं, हे त्याला दाखवायचं आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त हाच उपदेश कर्म टाळण्यासाठी नसून लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाज धरून ठेवण्यासाठी, कर्म करत राहण्याचा आहे, असं मांडलं. या मांडणीत फळाची आसक्ती सोडायची ती कर्त्याने. कर्त्याच्या कर्मावर जे जगतात ते त्याचं काही देणं लागत नाहीत, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचं विवेचन करताना गीता स्पष्ट सांगते की मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो तो चोर होय. एकाच अध्यायात दोन्ही गोष्टी आहेत: करणाऱ्याने आसक्ती सोडावी आणि घेणाऱ्याने परतफेड करावी. सोयीचं अर्धं आपण उचललं आहे.

गीता ज्या महाभारतात आहे त्याच महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराला भेटायला येतात आणि राज्यकारभाराबद्दल एकामागून एक प्रश्न विचारत जातात. सैन्याला अन्न आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, लांबणीवर टाकत नाहीस ना, असा त्यांतला एक प्रश्न आहे. वेतन रखडलं की चाकर संतापतात आणि त्यातून मोठा अनर्थ ओढवतो, असंही ते बजावतात. आणि पुढे विचारतात की जे तुझ्यासाठी मृत्यू पावले किंवा संकटात सापडले, त्यांच्या बायकामुलांचं पोषण करतोस ना? युधिष्ठिरासारख्या धर्मराजाला हे विचारलं जातं, यात मोठा अर्थ आहे. सैनिकाने रणात निष्काम असावं की नाही हा त्याच्या साधनेचा भाग, पण राजाने वेतन वेळेवर दिलं की नाही हा राजाच्या धर्माचा भाग, आणि पहिल्याने दुसरा माफ होत नाही. धर्मशास्त्रांनी खटल्यांचे जे अठरा विषय मानले त्यांत ठरलेलं वेतन न देणं हा एक स्वतंत्र विषय आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेतन बुडवणाऱ्याला दंड आहे. ज्या परंपरेने फलत्यागाचं तत्त्वज्ञान रचलं, तिनेच वेतनचुकारी हा गुन्हा मानला. तिला यात विसंगती दिसली नाही, कारण ती नव्हतीच.

इथे ऋण आणि कृतज्ञता यांतला फरक नीट लावून घेतला पाहिजे. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणं घेऊन येतो असं म्हटलं आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं आणि माणसांचं. माणसांचं ऋण फेडायचं ते त्यांना आसरा आणि अन्न देऊन. या कल्पनेची ताकद अशी की देणं कशात फेडायचं, हे ऋणकोच्या मर्जीवर सोडलेलं नाही. कृतज्ञतेचं तसं नसतं. ती कधी आणि कशी व्यक्त करायची हे व्यक्त करणारा ठरवतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर हवाई दलाने फुलं उधळली, इंग्लंडमध्ये २६ मार्चपासून दहा आठवडे दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दाराशी येऊन काळजीवाहकांसाठी टाळ्या वाजवत होते. ज्यांच्यासाठी हे झालं त्यांतल्या कित्येकांना त्याने उभारी आली असेल, ते मी नाकारत नाही. पण त्यांना हातमोजे, मास्क, आजारपणात चूल पेटती राहील एवढे पैसे आणि खरी माहिती हवी होती. ऋण मानलं असतं तर धनकोला काय हवं हे आधी विचारावं लागलं असतं.

परंपरेतलं सर्वांत सुस्पष्ट उत्तर मला बौद्ध विनयपिटकात सापडतं. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. बुद्ध आनंदाबरोबर निवासांची पाहणी करत तिथे आले. तुझ्याजवळ कुणी नाही का, असं विचारल्यावर भिक्षू म्हणाला, नाही. मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझी काळजी घेत नाहीत. बुद्धांनी पाणी आणायला सांगितलं, स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातलं, आनंदाने त्याला धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर ठेवलं. ही गोष्ट इथपर्यंत पुष्कळांना माहीत असते आणि करुणेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. बुद्धांनी भिक्षूंना एकत्र बोलावून नियम घालून दिले. आजाऱ्याची जबाबदारी प्रथम कुणाची, ती व्यक्ती नसेल तर कुणाची, आणि कुणीच नसेल तर सबंध संघाची. शुश्रूषेला सोपा रुग्ण कोणता आणि अवघड कोणता, चांगला शुश्रूषक कसा असतो, औषध तयार करता येणं आणि मलमूत्राची किळस न वाटणं हे गुण कसे हवेत, हेही सांगितलं. आणि त्याच प्रकरणात असा नियम येतो की भिक्षू वारला तर त्याचं पात्र आणि चीवर संघाने त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावं, कारण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार फार आहेत.

ज्या संघात प्रत्येकाने तृष्णा सोडण्याचा मार्ग पत्करला होता, जिथे मालमत्ता म्हणजे एक भिक्षापात्र आणि तीन वस्त्रं, तिथे या नियमाची गरज का वाटली असावी? शुश्रूषक भिक्षू ते चीवर मिळावं म्हणून आजाऱ्याजवळ बसत नव्हता. तो निष्काम असेल, नसेल. नियम त्याच्या मनात डोकावत नाही. नियम संघाला उद्देशून आहे. सेवा करणाऱ्याच्या मनात अपेक्षा असो वा नसो, ज्याच्या वतीने सेवा झाली तो संघ तिचं देणं लागतो आणि ते ठरलेल्या रीतीने दिलं जाईल. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. शुश्रूषा ही एखाद्या कनवाळू माणसाच्या स्वभावावर सोडलेली नाही. ती संघाची व्यवस्था झाली आहे, तिला क्रम आहे, तिच्यात चुकणाऱ्याला दोष आहे. मला वाटतं, करुणेचा याहून मोठा सन्मान नाही.

यावर एक आक्षेप सहज येतो आणि तो हलका नाही. पैसा मध्ये आला की माया जाते, सेवेचा धंदा होतो. ब्रिटिश विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरच्या पुस्तकात हेच मांडलं होतं: रक्ताची खरेदी-विक्री सुरू झाली की देण्याची भावना क्षीण होते आणि मिळणाऱ्या रक्ताचा दर्जाही घसरतो. रक्तदानापुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं. पण रक्तदाता वर्षातून दोन-तीनदा येतो, अर्धा तास देतो आणि आपल्या पोटापाण्याच्या उद्योगाला जातो. शुश्रूषा हाच जिचा दिवस आहे, जिच्या मुलांची फी त्यावर आहे, तिला हा न्याय लावता येत नाही. शिवाय आपण तो सगळ्यांना लावतही नाही. शल्यचिकित्सकाची फी मोठी म्हणून त्याची करुणा आटली असेल, असं कुणी समजत नाही. सेवेतला पैसा आपल्याला खुपतो तो साधारणपणे तिथेच, जिथे सेवा करणारी बाई आहे आणि गरीब आहे.

हा योगायोग मानता येणार नाही, आणि इथे आपल्या परंपरेला कठोर प्रश्न विचारणं भाग आहे. ज्या गीतेने फलत्याग सांगितला तिच्याच अठराव्या अध्यायात परिचर्या हे शूद्राचं स्वभावजन्य कर्म ठरवलं आहे. म्हणजे सेवा हा सर्वांसाठी साधनेचा मार्ग राहिलाच, पण काहींसाठी ती जन्माने लादलेली चाकरी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिलं की जातिव्यवस्था केवळ श्रमांची विभागणी करत नाही, श्रमिकांचीच एकावर एक उतरंड रचते. उतरंडीच्या तळाशी असलेल्याला निष्काम हो म्हणणं आणि सिंहासनावरच्याला निष्काम हो म्हणणं, ही दोन सारखी वाक्यं नाहीत. दुसऱ्याला सोडायला काहीतरी असतं. मृतांना उचलणं, विष्ठा काढणं, आजाऱ्याचं अंग पुसणं ही कामं ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या आली, त्यांच्यावर थोरवीचं पांघरूण घालून मोबदल्याचा प्रश्न मिटवण्याची सवय आपल्याला जुनी आहे. आशा, अंगणवाडी सेविका, घरोघरच्या काळजीवाहक बाया या सवयीचा भार आजही वाहतात.

मग सावित्रीबाईंचं काय, असं कुणी विचारेल. १८९७ च्या प्लेगात दत्तक पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता सावित्रीबाई फुल्यांना प्लेगने गाठलं आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी मोबदला मागितला नव्हता. पण या आत्मार्पणापुढे आपण नतमस्तक होतो ते याचसाठी की त्यांना कुणी तसं करायला लावलं नव्हतं. ज्या समाजाने त्यांच्यावर शेण आणि दगड फेकले त्याच समाजाच्या लेकरांना उचलायला त्या स्वतःहून गेल्या. त्यांचं उदाहरण पुढे करून महिना हजार रुपयांत आशांना साथीच्या जादा कामाला राबवणं, हा सावित्रीबाईंचा अवमान आहे. बलिदानाचं मोल ते ऐच्छिक असण्यात असतं. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. त्यात सरकारला अमर्याद अधिकार दिले, अधिकाऱ्यांना संरक्षण दिलं. रुग्णांजवळ बसणाऱ्यांचं काय देणं लागतं याबद्दल एक कलम नव्हतं. हाच कायदा घेऊन आपण २०२० साली साथीला सामोरे गेलो. त्या एप्रिलमध्ये अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना जबर शिक्षा ठरवली. ते गरजेचंच होतं. पण कर्मचाऱ्याचं रक्षण दगडापासून झालं, कंगालीपासून झालं नाही.

पैशाने माया जाते या म्हणण्याची पडताळणी साथीने एका ठिकाणी फार स्पष्टपणे केली. इंग्लंडमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात वृद्धांच्या केअर होम्सची मोठी पाहणी झाली. पाच हजारांहून अधिक संस्थांनी दिलेल्या माहितीतून असं आढळलं की जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणात पगार मिळत होता, तिथल्या रहिवाशांमध्ये संसर्गाचं प्रमाण कमी होतं. आणि जिथे आज इथे उद्या तिथे काम करणारे हंगामी कर्मचारी वारंवार लावावे लागत होते, तिथे ते जास्त होतं. कारण उघड आहे. त्या वेळी तिथे कायद्याने मिळणारा आजारभत्ता आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स होता. तेवढ्यात भाडं आणि किराणा भागत नाही. अंगात कणकण असलेली बाई घरी बसली तर घर अडतं, कामावर गेली तर ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना रोग देते. मे महिन्यात सरकारने साठ कोटी पौंडांचा निधी संसर्ग रोखण्यासाठी दिला, त्यातून घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार पुरा भागवता येईल अशी सोय केली. तोवर पुष्कळ माणसं गेली होती. म्हणजे काळजीवाहकाचा पगार हा म्हाताऱ्याच्या जिवाच्या आड येणारा व्यवहार नव्हता; तो त्या जिवाचं कुंपण होता. अमेरिकन तत्त्वज्ञ ईव्हा किटे यांनी हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली आहे. बाळंतीण बाळाला सांभाळते, म्हणून कुणीतरी बाळंतिणीला सांभाळावं लागतं. काळजी घेणाऱ्याची काळजी घेणं हा समाजाचा न्याय्य वाटा आहे. माहेरची रीत ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

पैशाहून कमी बोललं जाणारं आणखी एक ऋण आहे: सत्य सांगण्याचं. साथीत काळजीवाहक आपल्या शब्दावर देह पुढे करतो. मास्क लावा म्हटलं तर लावतो, नको म्हटलं तर तसाच आत जातो. त्यामुळे त्याला दिलेली सूचना ही नुसती कार्यालयीन बाब राहत नाही. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस दिलेल्या मार्गदर्शनात केअर होममधल्या माणसांना संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी असल्याचं म्हटलं होतं. ते १३ मार्चला मागे घेतलं गेलं. त्यानंतर रुग्णालयांतल्या खाटा मोकळ्या करण्यासाठी सुमारे २५ हजार माणसं केअर होम्समध्ये पाठवली गेली, त्यांतल्या अनेकांची चाचणी न करता. चाचणी सक्तीची व्हायला एप्रिलचा मध्य उजाडला. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही रोग पसरू शकतो, हा धोका विचारातच घेतला नाही, म्हणून ते धोरण बेकायदा होतं, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. साथीत ज्ञान अपुरं असतं, सूचना बदलाव्या लागतात, हे मला मान्य आहे. पण अपुरं ज्ञान अपुरं म्हणून सांगता येतं. आम्हाला अजून खात्री नाही, तेव्हा जास्तीत जास्त सावध राहा, एवढं वाक्य सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असताना आपल्या अज्ञानाला खात्रीचा मुलामा देणं हे असत्यच होय, ते कुठल्या हेतूने केलं याने फार फरक पडत नाही.

आणीबाणीचा आक्षेप उरतो. सगळ्यांवरच संकट होतं, तिजोरी रिकामी होती, आपत्काळात नेहमीचे नियम लागू नसतात. आपद्धर्म ही आपल्या परंपरेतली खरी आणि शहाणी कल्पना आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने मरणाऱ्या विश्वामित्राने चांडाळाच्या घरातलं कुत्र्याचं मांस घेतलं, ही शांतिपर्वातली कथा त्यासाठीच आहे. पण तिथे सूट कुणाला मिळते ते पाहा. जो संकटात बुडतो आहे त्याला, त्याचा जीव वाचावा म्हणून. आपत्काळात सबळाने आपलं देणं दुर्बळाच्या अंगावर ढकलावं, याला आपद्धर्म म्हणत नाहीत. साथीत जिच्यावर आपत्ती सर्वाधिक कोसळली ती दारोदार फिरणारी बाई होती. सूट द्यायची तर तिला द्यायला हवी होती.

आणि संप? महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा १५ जून २०२१ रोजी, दुसरी लाट जेमतेम ओसरत असताना, संपावर गेल्या. आठवडाभराने १,००० रुपये मानधनवाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाल्यावर त्या परतल्या. रुग्णाला वाऱ्यावर सोडणं हा अधर्म नाही का, असं तेव्हा विचारलं गेलं. या प्रश्नात तथ्य आहे. संपाची किंमत मंत्रालयाला मोजावी लागत नाही, ती तापाने फणफणलेल्या माणसाला मोजावी लागते, आणि हे त्या बायकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच त्या सव्वा वर्ष थांबल्या. गिरणी कामगार यंत्र बंद करून घरी जाऊ शकतो. जिने सहा भेटी देऊन बाळ वाढवलं, ती त्या घराकडे पाठ फिरवू शकत नाही. तिची माया तिला बांधून ठेवते, आणि तिच्याशी घासाघीस करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. जी सोडून जाऊ शकत नाही तिचं देणं सर्वांत आधी फेडलं पाहिजे, कारण ते बुडवणं सर्वांत सोपं असतं. ते न फेडता तिच्या संपाला अधर्म म्हणण्याचा अधिकार समाजाला पोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २२ मे २०२२ रोजी भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, त्यांचं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे, असा निर्णय दिला होता. या दोहोंपैकी धर्माच्या अधिक जवळचा मी दुसरा मानतो. आशांना मात्र आझाद मैदानावर पुन्हा बसावं लागलं, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. स्वयंसेविका हा त्यांचा दर्जा मात्र तसाच राहिला.

सरकारला हे सांगताना आपली घरं सुटत नाहीत. पुण्या-मुंबईतल्या हजारो घरांत आज ब्युरोमार्फत आलेली चोवीस तासांची बाई कुणाच्या तरी आईचं डायपर बदलते आहे. टाळेबंदीत त्यांतल्या अनेकींना एक तर महिनोन्‌महिने घरी जाता आलं नाही, किंवा दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं आणि पैसे थांबले. त्या वेळी कुणालाच काही सुचत नव्हतं, ही सबब तेव्हा खरी होती. आता ती उरलेली नाही. पुढची साथ येईपर्यंत थांबू नका. तुमच्या घरी आई-वडिलांजवळ बसणाऱ्या बाईंना ताप आला तर किती दिवसांची पगारी रजा मिळेल, हे या महिन्यात त्यांच्याशी बोलून ठरवा आणि त्यांना लिहून द्या.